उजवी बाजू

न्हाव्याला सगळे काटकोन म्हणत. कल्ले असे कापायचा, की पट्टी लावून बघावेत. एका कानापाशी केस जरा जास्त राहिले, तर गिऱ्हाइकाला खुर्चीतून उठू द्यायचा नाही, मग त्याची गाडी चुको नाहीतर मुहूर्त. तीस वर्षं हाच हात. आणि याच हाताने त्याचा घात केला, तो असा.

त्याचा थोरला भाऊ, दादा, मासे धरण्यात जन्म घालवलेला माणूस. त्यांच्या घरामागे तळं आहे. एक झाड त्या पाण्यावर वाकलंय आणि झाडावर बगळ्यांची घरटी आहेत. पिल्लं झाली की दोन-तीन आठवडे एखादं पिल्लू पाण्यात पडतंच, आणि खाली एक भलाथोरला मासा टपलेला असतो. एरवी तो कशालाच तोंड लावत नाही. म्हणून दादा गळावर हरणाचे केस बांधून खोटं पिल्लू करायचा. हे केस आतून पोकळ असतात, त्यामुळे ते तरंगतं. पण यंदा दादाची बोटं आखडली. काठी धरता येते, दोरा धरता येत नाही.

"तू बांध," दादा म्हणाला. "केसांचंच काम आहे. तुला काय अवघड?"

काटकोनला आनंद झाला, पण त्याने तो दाखवला नाही. दादाने त्याला सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, पहिली कात्रीसुद्धा दादानेच हातात दिली. पण 'जमलं' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. दुकान उघडलं त्या दिवशी दादाने आत येऊन चारी भिंती बघितल्या आणि म्हणाला, "आरसा जरा खाली हवा होता." काटकोनने दुसऱ्याच दिवशी आरसा खाली घेतला. आज पन्नाशी उलटली, तरी गडी त्या एका शब्दाची वाट बघतोय.

दुकानामागच्या खोलीत त्याने टेबलाला छोटा शिकंजा बसवला आणि त्यात गळ आवळला. केसांची चिमूट गळावर ठेवायची, दोऱ्याचे दोन वेढे घ्यायचे आणि दोरा खेचायचा, की केस चहूकडे उभे राहतात. ते नखाने मागे दाबायचे, पुढे दुसरी चिमूट बांधायची. असं करत गळभर केस भरले, की बाटली धुवायच्या ब्रशासारखा गोळा होतो. मग ब्लेडने त्यातून पिल्लू कापून काढायचं. कापण्यात काटकोनचा हात कोण धरणार? पोट गोल, मान बारीक, दोन्ही पंख तंतोतंत सारखे.

दादाने ते पाण्यात सोडलं. मासा आला. पिल्लाच्या खाली थांबला, बघितलं आणि निघून गेला.

"तुझं पिल्लू लग्नाला निघालंय," दादा म्हणाला.

दुसऱ्या पिल्लाची चोच बदलली, तिसऱ्याचा रंग. चौथं जरा बारीक केलं. मासा प्रत्येकाला भेटून गेला, जसा काही पाहुणचाराला बोलावलाय. पाचव्या वेळी दादा वैतागला. "अरे, घरट्यातून पडलेलं पोर आहे ते. भांग पाडून कशाला पाठवतोस?"

कळत होतं हो. कळत का नव्हतं? पण कळून काय उपयोग, हात ऐकेल तर ना. सहावं त्याने ठरवून वेडंवाकडं कापलं. मग डावा पंख जरा मोठा वाटला म्हणून थोडा कमी केला, मग उजवा मोठा वाटायला लागला. तासाभराने पाहिलं, तर आधीच्या पाचांपेक्षा देखणं. त्याने ते भिंतीवर फेकून मारलं. बायको म्हणाली, "अहो, जित्याची खोड आहे ती." तिच्यावरही तो उगीचच डाफरला.

इकडे झाडावरची पिल्लं फांद्यांवर येऊन पंख झाडू लागली होती. दोन-चार दिवसांत उडणार, मग मासा परत तळाशी जाऊन बसणार.

सातव्या पिल्लाची डावी बाजू कापून झाली, तेवढ्यात बायकोने हाक मारली, "गिऱ्हाईक आलंय." तो गेला. परत येऊन बघतो तर शिकंजा रिकामा.

"दादा घेऊन गेले," बायको म्हणाली. "मी सांगितलं, अर्धंच झालंय. म्हणाले, असू दे."

काटकोन कानावर कंगवा तसाच ठेवून तळ्याकडे पळाला. आपल्या हातचं अर्धं काम जगाने बघायचं म्हणजे काय? "दादा, थांब, उजवी बाजू राहिलीय," तो लांबूनच ओरडला. पण पिल्लू पाण्यात पडलं होतं. एका कुशीवर कलंडून, गोल गोल फिरत होतं. मासा वर आला आणि या वेळी थांबला नाही. काठी वाकली, दोन मिनिटं ओढाताण झाली, दोर तुटला आणि मासा पिल्लासकट गेला.

दादाने काठी खाली ठेवली. मग म्हणाला, "जमलं."

काटकोनने इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि मिळालं ते या भिकार, अर्धवट कापलेल्या गोळ्यासाठी. "दादा, ते पुरं झालं नव्हतं," तो म्हणाला.

"तस्संच दुसरं कर. उद्या सकाळी येतो."

सकाळी दादा मागच्या खोलीत स्टुलावर येऊन बसला. काटकोनने डावी बाजू कापली, आणि कधी उजवी कापून झाली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. ते पिल्लू टाकून काटकोनने नवा गळ आवळला आणि बायकोला दारात उभं केलं.

"डावी बाजू झाली की हाक मार."

"काय म्हणून?"

"गिऱ्हाईक आलंय म्हण."

डावी बाजू झाली. ब्लेड उजवीकडे वळलं.

"अहो, गिऱ्हाईक आलंय."

त्याने ब्लेड खाली ठेवलं आणि बाहेर दुकानात गेला. खुर्ची रिकामी होती. त्याने कापड झटकलं, खुर्चीच्या पाठीवर घातलं आणि मागे उभा राहिला. आतून शिकंज्याचा स्क्रू फिरवल्याचा आवाज येत होता. दादाच्या आखडलेल्या बोटांना वेळ लागत होता. जाऊन सोडवून द्यावं असं त्याला फार वाटलं. पण गेलो तर ब्लेड उचलणार, हेही त्याला माहीत होतं. त्याने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. आरशात मागचं दार दिसत होतं. थोड्या वेळाने दादा पिल्लू तळहातावर घेऊन त्या दारातून तळ्याकडे गेला. उजवी बाजू तशीच होती.