काकांचा डावा हात

जगात जे जे म्हणून एकजीव झालेलं आहे, त्या सगळ्यावर आमच्या समोरच्या काकांचा संशय आहे. दोन भांडकुदळ शेजारी एकाएकी एकमेकांकडे चहाला जाऊ लागले, की काका विचारणार, "मधात कोण पडलं?" कुणाचं लग्न जुळलं, की मुलामुलीचं कौतुक राहिलं बाजूला, आधी मध्यस्थाची चौकशी. एकदा त्यांचं आणि सिहोऱ्याहून येणाऱ्या दूधवाल्याचं भांडण मी मिटवलं, तर महिनाभर ते माझ्याशीच जपून बोलत होते. "तेल तेलाच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी. जो दोघाले एकत्र आणते ना बेटा, तो काही ना काही लपवून राहिला असते," हा त्यांचा सिद्धांत.

इकडे हिंदी मुलखात, अधारताल मोहल्ल्यात आमची घरं समोरासमोर. काकांनी डिफेन्सच्या कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून सारी नोकरी ग्रीसचे आणि रंगाचे डबे तपासण्यात घालवली. ग्रीसमधून तेल सुटलेलं दिसलं, की अख्खा माल परत. ठेकेदार रडो, साहेब रागावो, काका ढिम्म. निवृत्त होताना त्यांनी कारखान्याच्या सगळ्या वस्तू परत केल्या, फक्त तपासायची खोड तेवढी घरी आणली. घरात ग्रीस नव्हतं, पण काकूंची थंडीत लावायची क्रीमची बाटली होती. काकांनी भिंग घेऊन तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि बाटली घेऊन ते थेट माझ्याकडे आले, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते.

"हे पॉलिसॉर्बेट साठ काय आहे?"

मी सांगितलं, की क्रीममध्ये तेल असतं, पाणी असतं, ती फाटून वेगळी होऊ नयेत म्हणून असं काहीतरी घालतात. त्याला इमल्सिफायर म्हणतात. जवळजवळ प्रत्येक क्रीममध्ये त्या जातीचं एखादं असतंच, आणि इतक्या थोड्या प्रमाणात ते बहुतेकांना काही करत नाही.

"बहुतेकांना!" काकांनी नेमका तेवढाच शब्द उचलला. "म्हणजे मध्यस्थच ना हा? अन साठ काहून? पहिले एकोणसाठ कुठं गेले?"

ते मला ठाऊक नव्हतं. माझं गप्प राहणं हा काकांना कबुलीजबाब वाटला. "नंबर असते तर तोफगोळ्याले, नाही तर कैद्याले," असं म्हणून त्यांनी बाटली घरी नेऊन कपाटात बंद केली.

मग तपासणी सुरू झाली. स्टीलच्या वाटीत क्रीम घालून वाटी खिडकीत उन्हात ठेवायची. क्रीम फाटलं, तर माल खराब. नाही फाटलं, तर एवढ्या उन्हातही दोघांना धरून ठेवणारा हा कोण, म्हणून संशय दुप्पट. या परीक्षेत पास व्हायची सोयच नव्हती, हे मी त्यांना दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, की तुला या कंपनीवाल्यांनी काही दिलं आहे का. मी तो विषय सोडून दिला.

वाटीनंतर पाळी आली डाव्या हाताची. मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेनने चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात एकेक क्रीम आणि कोपऱ्यात तारीख. डॉक्टर लोक दोन-चार दिवसांत अशी परीक्षा उरकतात, हे त्यांना मान्य नव्हतं. "चोर काय पहिल्याच दिवशी चोरी करते? आधी ओळख वाढवते," असं म्हणून ते एकेका क्रीमला पूर्ण हिवाळा देत. चौकोन पुसले की पुन्हा आखत आणि क्रीम दिवसातून तीनदा लावत, औषध घेतल्यासारखं. लोकांच्या घरी गेले, तर पाणी नंतर मागायचे, आधी आरशापुढच्या बाटल्या पाहायचे. माझ्या बहिणीच्या लग्नात बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत ब्यूटिशियन पेटी उघडून बसली होती, तिथेही काका भिंग घेऊन हजर. ती पोरगी रडकुंडीला आली. "अंकलजी, दुल्हन तैयार करूँ कि इम्तिहान दूँ?" काका शांतपणे म्हणाले, "दोनों." वऱ्हाडी ताटकळले. शेवटी माझी बहीण अर्ध्याच मेकअपमध्ये बाहेर आली आणि फोटोत ती अजून तशीच दिसते.

या सगळ्याला आम्ही हसत होतो. काकू मात्र हसत नव्हत्या आणि ते आमच्या फार उशिरा लक्षात आलं. क्रीम पास होईपर्यंत त्यांनी काही लावायचं नाही, असं ठरलं होतं. तेल चालायचं, कारण तेलात मध्यस्थ नाही. पण काकूंच्या हातांना तेल पुरत नव्हतं. थंडी पडली, की बोटांच्या पेरांना भेगा पडत. साडी नेसताना निऱ्यांचे धागे त्यांत अडकत. कणीक मळणं त्यांनी हळूहळू मोलकरणीवर सोपवलं. आणि असे पाच हिवाळे गेले. पाचव्या हिवाळ्यात एक भेग चिघळली, अंगठा सुजून टम्म झाला, आणि मी दोघांना रिक्षात घालून त्वचेच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होती. काकूंचे हात पाहून तिने ओठ घट्ट मिटले. औषध लिहून दिलं, वर भरपूर क्रीम लावायला सांगितलं. काकांनी लगेच भिंग काढलं, तशी तिची नजर त्यांच्या हातावरच्या चौकोनांवर गेली. तिने त्यांचे दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला लावले. उजवा हात वाळलेला, खरखरीत, पांढरट खवल्यांचा. डावा एखाद्या लहान मुलाच्या हातासारखा मऊ.

"पाँच साल में कितनी क्रीम लगाई, अंकल?"

"चौदह."

"कभी कुछ हुआ? खुजली, दाने, लाली?"

काकांनी चौकोन एकेक करून पाहिले. इन्स्पेक्टर माणूस, खोटं बोलणार नाही. "अभी तक तो नहीं," ते म्हणाले.

मग काकूंनी सुजलेला अंगठा सांभाळत आपला हात त्या मऊ हाताशेजारी ठेवला. आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "मंग माह्या हाताले काहून नाही लावू देलं?"

काकांनी भिंग खिशात घातलं. म्हणाले, "माह्यावर परीक्षा कराले जमते. तुह्यावर कशी करू? तुले काही झालं असतं तर?"

"न लावूनच झालं ना," काकू म्हणाल्या.



आता रोज सकाळी अंगणात उन्हाला दोन खुर्च्या असतात. काका क्रीम स्वतः लावतात, एकेक बोट, एकेक पेर. लावून झालं, की काकूंचा हात उन्हात धरून बघत बसतात, कुठे लाली आली का, कुठे पुरळ उठलं का. अंगठा केव्हाच बरा झाला आहे. काकू कणीकही मळतात. परवा आत दूध उतू जात होतं, म्हणून त्या हात सोडवू लागल्या. "आता तर काही झालं नाही ना? मंग काय पाहून राहिले?"

"पाहू दे ना थोडं," काका म्हणाले.

काकूंनी दूध उतू जाऊ दिलं. मी फाटकाशी उभी होते, शाळेला उशीर होत होता, तरी पाय निघेना. माझ्या टेबलावर चांगल्या कंपनीची तीन क्रीमं आहेत आणि हात अगदी ठीक आहेत. इतक्या संशयाने ते आजवर कुणीच पाहिले नाहीत, याचं त्या सकाळी मला पहिल्यांदा वाईट वाटलं.