आईने नळी गिळली

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही तेव्हा मानपाड्याला राहायचो. जिना चढताना आई मध्येच पायरीवर बसायची आणि शेजारणीने विचारलंच तर "वारा खातेय" म्हणायची. लहानपणी गावी तापात तिचे सांधे धरले होते. त्याच दुखण्याने हृदयाची एक झडप आकसत गेली होती, हे तिला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

छाती न उघडता, फुगा घालून झडप मोकळी करता येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण हृदयाच्या मागच्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी असेल तर फुगा घालता येत नाही. छातीवरून केलेल्या सोनोग्राफीत तो कोपरा नीट दिसेना. अन्ननळी हृदयाला खेटूनच जाते, म्हणून घशातून नळी घालून तिथून बघायचं ठरलं. ती सोय ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात होती. मी शिकवायचे त्या शाळेतून पुन्हा रजा काढली. दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून मी पार कंटाळले होते.

घशात बधिर करणारा फवारा मारला. बोटाएवढी जाड, काळी नळी बघून आईने दात आवळले. "मावशी, गिळा. गिळा बघू," डॉक्टर गोडीगुलाबीने सांगत होते. आईला उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नळी पुन्हा पुन्हा बाहेर येत होती.

आमच्या घरात 'गिळा' हा शब्द आईच्या मालकीचा. पानात दुधी बघून आम्ही तोंडं वाकडी केली की ती म्हणायची, "गिळा आता मुकाट्याने." तिच्याबरोबर मीही उपाशी होते, माझं डोकं उठलं होतं. मी ओरडले, "आई, गिळ गं मुकाट्याने!"

डॉक्टर चपापले. आईने माझ्याकडे असं बघितलं की घरी असतो तर पाठीत धपाटाच बसला असता. आणि तिने गिळलं.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. कोपऱ्यात गुठळी होती. आता काही महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या, मग पुन्हा हीच नळी, फुग्याचं त्यानंतर बघू. मी मान हलवली. रडायचंही त्राण नव्हतं.

बाहेर आई बाकावर बसली होती. घसा बधिर, पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. पण चेहरा खुलला होता.

"सापडली का गं गुठळी?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"सापडली."

"सुटले गं बाई. जीव गेला माझा, पण निघाली ना," ती म्हणाली. "दाखव तरी, केवढी होती?"