लादीला शोभेलसा सोफा
रेवदंड्याच्या आमच्या घराला जमिनी चार प्रकारच्या होत्या. पडवीत माती, माजघरात लाल कोबा, स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आणि मोरीकडच्या बोळात खडबडीत सिमेंट. सासऱ्यांच्या होडीला ज्या वर्षी जशी मासळी मिळाली, तशी त्या वर्षी जमीन झाली. लग्न होऊन आले तेव्हापासून मला त्याची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? बहिणीच्या खारघरच्या फ्लॅटमध्ये पडद्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळं एका रंगात, आणि इथे आपली भेळ.

गेल्या वर्षी सोफा घ्यायचं ठरलं. पण सोफा असा नुसता घेता येत नाही, हे पनवेलच्या इंटिरियरवाल्या बाईंनी मला समजावलं. सोफा राखाडी, तर खाली पांढरी चकचकीत लादी. ती घरभर एकच, उंबरे काढून, म्हणजे नजर कुठे अडत नाही आणि घर मोठं दिसतं. फणसाच्या लाकडाचा आमचा बाक या लादीशी ‘बोलत नाही’, असंही त्या म्हणाल्या. तो मेला चाळीस वर्षांत कुणाशीच बोलला नव्हता, पण मी मान डोलावली. बाक गेला मागच्या अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. उंबरे काढले म्हणून शेजारीण हळहळली, तर मी म्हटलं, जळतेस झालं.

लाद्या बसल्या आणि घरात माणसांनी वावरायची पंचाईत झाली. कोलंबीचा डाग पडेल म्हणून विळी अंगणात गेली. सोफ्याचं प्लॅस्टिक मी काढू दिलं नाही. त्या प्लॅस्टिकवर बसलं की घाम येतो, म्हणून वर गुलाबी फुलांची चादर टाकली. राखाडी रंग जुळवायला एवढा आटापिटा केला आणि दिसायला फुलं.

सासरे मात्र खूश दिसले. काचबिंदूने त्यांची नजर गेली त्याला सहा वर्षं झाली, पण एरवी हा माणूस दिवसभर घरभर फिरायचा. आता सोफ्यावर बसले की तासन् तास उठत नव्हते. बाबांना सोफा भारी मानवला, असं मी गावभर सांगून आले.

चौथ्या दिवशी नवरा कामावर गेला आणि त्यांनी मला हळूच हाक मारली.

“पोरी, मोरी कुठल्या अंगाला हाय ग?”

मी हात धरून त्यांना मोरीकडे नेलं, तेव्हा कुठे मला उमगलं. सहा वर्षं ते काठीशिवाय वावरले ते तळपायांच्या भरवशावर. कोबा लागला की माजघर, गार फरशी लागली की चूल, पायाला टोचलं की मोरी, उंबरा आला की खोली संपली. ती सगळी जमीन मी सपाट, गुळगुळीत करून टाकली होती. तीन दिवस ते नवऱ्याचा हात धरून सकाळ-संध्याकाळ जात होते आणि मधल्या वेळी पाणीसुद्धा बेताने पीत होते. मला तिथेच रडू फुटलं.

उपाय त्यांनीच सांगितला. माळ्यावर होडीची जुनी सुंभाची दोरी होती. ती आम्ही सोफ्यापासून मोरीपर्यंत आणि तिथून बाहेरच्या दारापर्यंत खाकी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवली. अंगठ्याने चाचपत ते पुन्हा फिरायला लागले. नवरा कुरकुरला, येता-जाता ठेच लागते. मी म्हटलं, उड्या मारा.

महिन्याने इंटिरियरवाल्या बाई फोटो काढायला आल्या. चादर निघाली, प्लॅस्टिक निघालं. दोरी बघून त्यांनी नाक मुरडलं. पाचच मिनिटं काढा, म्हणाल्या. सासरे मोरीत आहेत हे मला ठाऊक होतं, तरी मी दोरी काढली. फोटो चांगले यावेत असं मलाही वाटत होतं.

बाई सोफ्याचा फोटो घेत होत्या तेवढ्यात मोरीची कडी वाजली. ते बाहेर आले. उजव्या पायाने दोरी शोधली, जरा इकडे, जरा तिकडे. कानावर बाईंचा आवाज पडला तसे मागे सरले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

“पोरी, पाव्हणे गेले की सांग,” ते म्हणाले. “तवर मी हितंच थांबतो.”

फोटो फार सुंदर आलेत. बहिणीने दोनदा मागितले, मी अजून पाठवलेले नाहीत.