दहा तोळे हलकी सायकल

अकरा मिनिटं. गेल्या वर्षी दोनशे किलोमीटरची सायकलफेरी मी अकरा मिनिटांनी हुकवली आणि तेव्हापासून घरात अकरा हा आकडा कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. फेरी धाराशिवची. सकाळी सहाला निघायचं, येरमाळा, वाशी, ईट, भूम, परंडा, बार्शी करत गोल फिरून संध्याकाळी साडेसातच्या आत परत धाराशिवला पोचायचं. नंबर नाही, बक्षीस नाही. वेळेत पोचलात तर यादीत नाव, नाही तर तुम्ही आलाच नव्हता असं समजतात. मी सत्तेचाळीस वर्षांची, परंड्यात शाळेत गणित शिकवते. आयुष्यात सुरू केलेल्या बऱ्याच गोष्टी लग्न, बदल्या, पोरं यांत अर्ध्यावर राहिल्या. ही एक तरी पुरी करायची, एवढंच मनात होतं. आणि ते मी सगळ्या स्टाफरूमला सांगून बसले होते, हे त्याहून वाईट.

तर अकरा मिनिटं कुठून काढायची? मी वही घेऊन बसले. पाय तेच, रस्ता तोच, वय एकानं जास्त. राहता राहिली सायकल. सायकल आधीच हलकी, पातळ टायरची, वाकड्या हँडलची, पण तिच्यावर बाटल्या ठेवायचे दोन स्टँड होते ते घेतानाच बसवलेले, लोखंडी आणि दणकट. सायकलवाले त्याला केज म्हणतात. दांडीला दोन स्क्रूनं बसवायचा, त्यात पाण्याची बाटली अडकवायची, बस. माझ्या डोळ्यांत ते लोखंड सलायला लागलं.

"दोन घास कमी खा," आमचे हे म्हणाले. "महिन्याभरात दोन किलो कमी होतील. फुकटात."

बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. माणसानं बरोबर बोलायचीसुद्धा एक वेळ असते. मी तीन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले आणि रोज संध्याकाळी मोबाइलवर स्टँड बघत बसले. ॲल्युमिनियमचा चाळीस ग्रॅम. प्लॅस्टिकचा पस्तीस. आणि कार्बनचा, काळा, चकचकीत, एकवीस. लिहिणाऱ्यांनी लिहिलं होतं की हातात घेतला तर घेतल्यासारखा वाटत नाही. मी तोच मागवला. दोन.

आले तेव्हा खरंच हातात घेतल्यासारखे वाटेनात. पण मी गणिताची बाई, लिहिलेल्यावर विश्वास ठेवत नाही. घरचा वजनकाटा भाजीचा, त्याला पाच-दहा ग्रॅमची फिकीर नाही. मग मी जुने दोन आणि नवे दोन पिशवीत घालून बाजारपेठेतल्या सराफाकडं गेले. मंगळसूत्र गाठवायला जाते तेच दुकान. शेठजींनी काहीही न विचारता काटा पुसला, काचेचं दार लावून घेतलं म्हणजे वारा लागायला नको, आणि एकेक स्टँड चिमटीत धरून ठेवला. जुना बहात्तर. नवा एकवीस आणि वर दोन पॉइंट. मी दोन्हीचा हिशेब सांगितला, शंभरावर दोन ग्रॅम वाचतात.

"म्हणजे दहा तोळं," शेठजी म्हणाले. "बाई, चाळीस वर्सं या गादीवर बसतोय. दहा तोळं कमी व्हावं म्हणून पैसं घालणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघितलं."

दुकानातल्या दोघी-तिघी हसल्या. मीही हसले, पण दहा तोळे हा शब्द घरी येईपर्यंत कानात गोड वाजत राहिला.

बसवून द्यायला सायकलवाल्या भाईंकडं गेले. बसस्टँडजवळ त्यांचं छोटं दुकान आहे. शहरातला शिकलेला मिस्त्री ज्या गिअरला हात लावायला घाबरेल तो हे नुसत्या आवाजावरून लावतात. त्यांनी नव्या स्टँडमध्ये बाटली घातली, दोन बोटांनी वर उचलली. ती सहज निघाली.

"मॅडम, माल हलका हाय, पन पकड न्हाय," भाई म्हणाले. "आपल्या रोडला पकड लागती. तो ॲल्युमिनियमचा चाळीसवाला घ्या, जरा दाबून बसवून देतो. न्हाय तर ईटच्या पुढं बाटली उडंल."

मी त्यांना म्हणाले, भाई, आधी करून बघू. आणि करून बघितलंही. रविवारी बार्शी रस्त्यानं चाळीस किलोमीटर जाऊन आले. बाटल्या जागच्या हलल्या नाहीत. त्या रस्त्याचं डांबरीकरण नुकतंच झालंय हे मला ठाऊक होतं. पेपर मीच काढला, सोपा काढला, मीच सोडवला आणि मीच पैकीच्या पैकी मार्क देऊन घरी आले.

फेरीच्या दिवशी सुरुवात झकास झाली. येरमाळ्याच्या चढाला पाय गेल्या वर्षीपेक्षा हलके वाटले. हे दहा तोळ्यांमुळं, असं मी स्वतःला पटवलं. वाशीला पंधरा मिनिटं हातात होती. ईट गेलं. ईटच्या पुढं रस्ता रस्ता राहात नाही, खडी उखडलेली आणि मध्ये मध्ये ट्रॅक्टरनं काढलेल्या चाकोऱ्या. मी दात आवळून, हँडल घट्ट धरून चालले होते. पहिली बाटली संपली होती. दुसरीला हात घातला तर हाताला स्टँड लागला, नुसता.

कुठं पडली, कधी पडली, काही पत्ता नाही. त्या खडखडाटात तोफ पडली असती तरी ऐकू आली नसती. शहाण्या माणसानं बाटलीवर पाणी सोडलं असतं. मी मागं वळले. दोन किलोमीटर मागं गेले तेव्हा ती सापडली, टेम्पोच्या चाकाखाली जाऊन पापड झालेली. मी ती उचलून बघितली, आणि चिडून परत तिथंच टाकली. नंतर लाज वाटली, पण तेव्हा नाही. जाऊन येऊन सतरा मिनिटं गेली होती. दुपार व्हायला आलेली, घशाला कोरड, आणि एकुलती एक बाटली रिकामी.

तेवढ्यात रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमधून धूर दिसला. खव्याची भट्टी. या भागात त्या पुष्कळ आहेत. मोठ्या कढईत दूध आटवायचं आणि ते घट्ट होत आलं की हात थांबवायचा नाही, थांबला की खाली लागलंच. साठीच्या एक बाई एकट्याच लांब दांड्याच्या उलथण्यानं ढवळत होत्या. कढईतलं दूध गोळा व्हायला आलेलं दिसत होतं.

"मावशी, पाणी मिळंल का?"

"मिळंल की. बसा. नुसतं पानी कसं द्यावं, खवा घ्या चमचाभर."

"बसायला वेळ नाही, मावशी. साडेसातच्या आत धाराशिवला पोचायचंय, नाही तर धरत नाहीत."

कोण धरत नाही, का धरत नाही, सायकलवर का, बरोबर कुणी नाही का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या आजवरच्या अनुभवात असं माणूस विरळा. त्यांनी एकदा कढईकडं बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडं. "हितलं पानी तापलंय. टाकीवरचं गार आनते," म्हणाल्या, उलथणं कढईच्या काठाला टेकवलं आणि माझी बाटली घेऊन शेडच्या मागं गेल्या.

आता जे सांगते ते सांगायला मला आवडत नाही. उलथणं माझ्या हाताच्या अंतरावर होतं. मला ढवळता येतं, घरी बासुंदी मीच करते. आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभी राहिले. दोन मिनिटं, तीन मिनिटं. त्या परत आल्या तेव्हा बाटली भरलेली होती आणि दुसऱ्या हातात कोल्ड्रिंकची एक जुनी बाटली, तीही धुऊन भरलेली. "ऱ्हाऊ द्या, पुढं लागंल." तोवर करपल्याचा वास आला होता.

"मावशी, खाली लागलं वाटतं."

"लागू द्या. तुमी निघा बरं, येळ चाललाय तुमचा."

आणि मी निघाले. कोल्ड्रिंकची बाटली पाठीच्या खिशात कोंबली आणि निघाले.

त्यानंतर मी जशी सायकल चालवली तशी जन्मात चालवली नव्हती. भूम, मग आमचं परंडं. चौकात आमचे हे केळी घेऊन उभे होते, मी न थांबता हातातून ओढून घेतली. बार्शी. अंधार पडायला लागला, शेवटचा चढ आला, पोटऱ्या दगड झाल्या. वर पोचले, दिवे दिसले, टेबल दिसलं. टेबलामागच्या मुलानं मोबाइल बघितला आणि त्याचा चेहरा पडला. सात तेहतीस.

तीन मिनिटं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, दोन वर्षं ओळीनं. मी तिथंच फुटपाथवर बसून रडले, चांगली हुंदके देऊन. आमचे हे गाडी घेऊन आले होते. ते शेजारी बसले आणि त्यांनी एकही विनोद केला नाही, तेव्हा मला आणखीनच रडू आलं.

सोमवारी भाईंनी चाळीसवाले स्टँड बसवून दिले. "मी म्हनलो व्हतो" असं ते म्हणाले नाहीत, फक्त स्क्रू जरा जास्त वेळ पिळत राहिले. पण मला आठवडाभर पाण्याची बाटली आठवत नव्हती. भाकरी टाकताना, फळ्यावर लिहिताना नाकात तो करपल्याचा वास यायचा. तीन मिनिटं ढवळलं असतं तर माझं काय गेलं असतं?

पुढच्या रविवारी पिशवीत संत्री घालून सायकलवरच गेले. मावशी भट्टीवरच होत्या. त्यांनी लांबूनच ओळखलं. मी माफी मागायला तोंड उघडलं. खवा पार वाया गेला का, असं काहीतरी विचारलं.

"हलवाई घेत न्हाई करपलेला," त्या म्हणाल्या. "घरात चार दिवस खाल्ला पोरान्नी. मालक लई वरडलं. म्या म्हनलं, एक बाई लई लांब चालली व्हती, तिचा येळ चुकला असता." मग उलथणं तसंच हातात धरून त्या माझ्याकडं वळल्या. "पोचल्या का वो येळेत?"

शाळेत मी उत्तरात एककसुद्धा चुकलेलं चालवून घेत नाही. ओठांवर आलेले आकडे मी गिळले.

"पोचले, मावशी. तुमच्यामुळंच पोचले."

त्यांचं तोंड असं फुललं की मला खाली बघावं लागलं. त्यांनी शेडच्या मागं हाक मारली, "अवो, पोचली बगा ती बाई! येळेत पोचली!" मागून त्यांचे यजमान आले, कपाळावर आठ्या असलेला उंच म्हातारा. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग सायकल बघितली, आणि आठ्या मोडल्या. "मग ठीक हाय," ते म्हणाले आणि माझ्यासाठी पोतं झटकून अंथरलं. त्या दिवशी मी बसले, खवा खाल्ला, चहा घेतला, निघायची घाई केली नाही.

पुढची फेरी पुन्हा हिवाळ्यात आहे. आमच्या यांना मी सांगून टाकलंय की या वेळी रात्रीची भाकरी अर्धीच. भट्टीवरच्या त्या दोघांना मी जे उत्तर दिलंय ते या फेरीत मला बरोबर करून आणायचंय.