हॅलम साहेबांची ससाणी

श्रीवर्धनचा मुनव्वर कुवेतला आला तो ड्रायव्हर म्हणून. तेव्हा कुवेतचा बाहेरच्या जगाशी असलेला कारभार इंग्रज बघत आणि त्यांच्या कचेरीला लोक एजन्सी म्हणत. तिथल्या हॅलम साहेबांची गाडी मुनव्वरकडे होती. साहेब लेबनॉनच्या डोंगरात अरबी शिकून आलेले, आणि अरबांचे जाणकार म्हणून लंडनमध्ये त्यांचं नाव होतं.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात अबू जासिम नावाच्या म्हाताऱ्या मोत्यांच्या व्यापाऱ्याने भर बैठकीत साहेबांना एक शिकारी ससाणी भेट दिली. साहेबांनी सुरेख अरबीत आभार मानले, पण चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. गाडीत बसल्यावर त्यांनी मुनव्वरला खरं सांगितलं. लहानपणी त्यांना कोंबडीने टोचलं होतं, तेव्हापासून चोच दिसली की त्यांना घाम फुटे. भेट नाकारावी तर यजमानाचा अपमान, आणि भीती कबूल करावी तर जाणकारपणाचं हसं. म्हणून चामड्याचा हातमोजा मुनव्वरच्या हातात चढला.

मुनव्वरला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. ससाणी दिवसभर किंचाळायची, त्याचे कान बोचकारायची. एका दुपारी वैतागून त्याने तिला आपल्या आईची अंगाई म्हणून दाखवली. का कोण जाणे, ती गप्प झाली. साहेबांनी खिडकीच्या काचेआडून विचारलं, हे कसं जमलं? गाणं म्हटलं, मुनव्वर म्हणाला. साहेबांनी लंडनला कळवलं की इथले लोक ससाण्यांना गाऊन झोपवतात. लंडनला ते इतकं आवडलं की साहेबांना बढती मिळाली आणि ती रीत डोळ्यांनी बघायला एक बडा अधिकारी विमानाने आला.

त्याला ससाणीसकट अबू जासिमच्या बैठकीत नेलं. पाहुण्याने गाणं ऐकायची इच्छा सांगितली. अबू जासिमने मुनव्वरकडे पाहिलं, मुनव्वरने सतरंजीकडे. घरी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं म्हाताऱ्याच्या रक्तात नव्हतं. त्याने घसा खाकरला आणि अत्यंत गंभीरपणे मोत्यांच्या जहाजावर दोरखंड ओढताना म्हणायचं गाणं सुरू केलं. बैठकीतले सगळे ताल धरून ओरडू लागले. ससाणी बिथरली, फडफडली आणि कॉफीची किटली पाहुण्याच्या मांडीवर उलटली. पाहुणा भाजलेली मांडी चोळत म्हणाला, पक्षी तालाचा पक्का दिसतो.

एकसष्ट साली कुवेत स्वतंत्र झाला, एजन्सीची वकिलात झाली आणि हॅलम साहेब मोठ्या हुद्द्यावर दुसऱ्या देशात गेले. ससाणी मुनव्वरकडेच राहिली. मग त्याची बायको रुकय्या गावाहून आली. पलंगाच्या दांडीवर बसलेला तो पक्षी बघून ती बुरखाही न काढता म्हणाली, "ही राहणार असेल तर मला परतीच्या बोटीत बसवा."

मुनव्वर ससाणी घेऊन अबू जासिमकडे गेला. म्हातारा दोन पावलं मागे सरकला.

"मला नको," तो म्हणाला. "मलाही कुणीतरी दिली होती. मला तिची फार भीती वाटते. हॅलम धीट माणूस, म्हणून त्यांना दिली."

"धीटच," मुनव्वर म्हणाला. साहेबांची अब्रू त्याने तेवढी राखली.

दोघांनी मिळून तिला सोडून द्यायचं ठरवलं. अहमदी गावाच्या पलीकडे वाळवंटात मुनव्वरने तिचे डोळे झाकणारी चामडी टोपी काढली आणि हात उंच केला. ती उडाली, एक घिरटी घातली आणि थेट मोटारीच्या टपावर येऊन बसली. मुनव्वर आत शिरला आणि अबू जासिमने घाईघाईने काच वर केली. तेवढ्या उन्हात ते दोघे आत घामाघूम होऊन बसले, वर नख्यांचा आवाज ऐकत. बऱ्याच वेळाने आवाज थांबला. मुनव्वरने डोकं बाहेर काढलं तेव्हा ती समुद्राच्या दिशेला ठिपक्याएवढी झाली होती.

त्याचे डोळे भरून आले. वाळू गेली, असं तो म्हणाला. अबू जासिमने त्याला आपला रुमाल दिला आणि शुवैख बंदरावरच्या आपल्या गोदामात ट्रक चालवायचं कामही. तिथे मुनव्वरने पुढची कित्येक वर्षं सिमेंट वाहिलं. रुकय्याने पलंगाची बोचकारलेली दांडी सुताराकडून बदलून घेतली.