कालव्याच्या दारावरचा म्हातारा

दोन राज्यांचं नदीच्या पाण्यावरून भांडण जुंपल्याचं पेपरात वाचलं, की मला तो म्हातारा आठवतो. नाव त्याचं कुणी विचारलंच नाही.

पन्नास सालानंतरच्या एका दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव पणदरे कालव्याच्या वरच्या अंगाला, त्याचं वरकुटे बरंच खाली. खालच्या गावांची पाण्याची पाळी लागली की कालव्यातून आमच्या रानात येणाऱ्या फाट्याचं दार बंद. आम्ही ते चोरून उचलू म्हणून खालून एक माणूस राखणीला यायचा. त्या साली हा आला. आयुष्यभर मेंढरं राखलेला. घोंगडीची घडी घालून तो दारापाशीच बसायचा. दाराच्या फटीतून पाणी झिरपलं, की वाकून चिखल थापायचा. आम्हाला तो डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा.

एका सकाळी वरकुट्याची रानं भिजून झाल्याचा सांगावा आला. आमचे आबा पावडं घेऊन तडक दारावर गेले.

"पावणं, झालं न्हवं तुमचं? उठा आता. माझा ऊस जळतोय."

"आमचं झालं, आबा. आमच्या खालच्यांचं न्हाय झालं."

"त्यांचं तुमाला काय?"

म्हातारा फटीत चिखल दाबतच म्हणाला, "आमच्या दारावर त्यांचा मानूस बसलाय. हितनं मी उठलो, तर तो काय कोरड्या कालव्याची राखण करील?"

आबांनी कुरकुरत पावड्यानं ओला चिखल ओढला आणि म्हाताऱ्याच्या हाताशी टाकला.