आदर्श नगरच्या दोन मॅडम

आमच्या जयपूरच्या लॅपटॉपवाल्याला गिऱ्हाइकांची नावं लागत नाहीत. कुणी शास्त्री नगरचे डॉक्टरसाब, कुणी बस्सीचे मास्टरजी, तशी मी ‘आदर्श नगर वाली मॅडम’. मला त्याचं कौतुकच वाटायचं. अकोल्याहून इथल्या कॉलेजात शिकवायला आले, ती अख्ख्या कॉलनीची मॅडम झाले!

या उन्हाळ्यात माझ्या लॅपटॉपने मान टाकली. त्यात आईचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर मी तिला काळ्या मसाल्याच्या कृतीपासून सुचेल ते बोलायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. “मी काय मरून राह्यली का वं?” म्हणत ती आधी वैतागली, मग रंगात येऊन बोलतच सुटली. फोन बदलताना ते सगळं लॅपटॉपवर हलवलं, तिथे सुरक्षित राहील म्हणून. आता आई आमच्याकडेच असते आणि टाळी वाजवून हाक मारते.

डेटाला हात लावायचा नाही, असं दुकानात बजावलं होतं. लॅपटॉप परत आला तो डेस्कटॉप धुतल्यासारखा कोरा.

“घबराइए मत मॅडमजी, फॉरमॅट से पहले कॉपी ले ली थी. सब वापस डाल दिया है,” दुकानदार म्हणाला.

घरी येऊन पाहते तर ‘आदर्श नगर मॅडम’ नावाचं फोल्डर होतं खरं, पण आत भलत्याच माणसांचे फोटो. मी फोन लावला.

“अच्छा, मतलब वो दूसरी मॅडम का होगा. उनका भी आपके साथ ही आया था.”

तिचा नंबर? बिल बनवलं नव्हतं. माझी कॉपी? “वो तो काम होते ही डिलीट कर देते हैं जी, आपकी प्रायव्हसी के लिए.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्याचे फोटो बघू नयेत, हे मला कळतं. पण माझी आई जर त्या बाईच्या लॅपटॉपमध्ये असेल, तर ती बाई कोण, हे मला कळायलाच हवं होतं. आणि खरं सांगायचं तर बघता बघता मी गुंतले. एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक संक्रांतीला त्याच गच्चीवर, त्याच लाल स्वेटरमध्ये पतंग धरून उभे. कुणाचे कोण असतील? शेवटच्या फोटोत स्वेटर होता, पण तो एका बाईच्या अंगात. त्या फोटोपाशी मी बराच वेळ थांबले. मग तिच्या मागे, गल्लीपलीकडे, एक हिरवी पाटी दिसली. आम्ही जिथून दळण आणतो त्याच गिरणीची!

दुसऱ्या दिवशी मी गिरणीसमोरच्या घराची बेल दाबली. दार त्याच बाईने उघडलं. मी निम्मं सांगते न सांगते तोच तिने माझा हात धरला.

“पापाजी के फोटो आपके पास हैं?” आणि लगेच, “तो वो आवाज़ आपकी मम्मीजी की है?”

संध्याकाळी ती पेन ड्राइव्ह घेऊन आमच्याकडे आली. तिने रेकॉर्डिंग ऐकलं होतं, पुन्हा पुन्हा. कुणाचं आहे ते कळेना आणि पुसून टाकायला हात होईना. अर्धंमुर्धं समजून घेत तिने काळा मसाला करायलाही घेतला होता, पण एका शब्दाशी अडली होती.

“ये दगडफूल क्या होता है?” तिने मला विचारलं.

मी उत्तर देण्याआधी आई उठली. स्वयंपाकघरातून डबा घेऊन आली. तोवर मी पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं, आणि आईचा तो जुना, खणखणीत आवाज खोलीभर झाला. आई क्षणभर दारातच थबकली. मग पुढे येऊन तिने दगडफुलाचा तुकडा चुरडला आणि त्या बाईच्या नाकाशी धरला.

“असं इचारत नको बसू,” लॅपटॉपमधून आई म्हणत होती, “वास घेऊन पाह्य, मंग समजन तुले.”

त्या बाईने डोळे मिटून वास घेतला. आईने माझ्याकडे पाहून टाळी वाजवली, चहा ठेव म्हणून. मला मात्र रडू आवरेना.